माघारीची ओळ

शिरूर,
१२ फेब्रुवारी २००४, गुरुवार

चि. मुजीब,

खालाचा सलाम. सुरुवातीला खुशाली लिहायची असते, ती लिहून मोकळी होते. आम्ही सगळे बरे आहोत. बकरी ईदला तू आला नाहीस, तुझ्या वाटणीचं शेजारी देऊन टाकलं. सबीनाची मंगनी रविवारी दौंडला झाली. मुलगा शाकीर, रेल्वेत आहे, माणसं चांगली आहेत. लग्न मे महिन्यात. झाली खुशाली.

आता मुद्दा. तुला लाज वाटली पाहिजे.

फोन केला असता, पण फोनवर तू "हां खाला, हां खाला" करतोस आणि ठेवतोस. कागद ठेवता येत नाही. शिवाय फोन बाहेरच्या खोलीत, आणि तिथं तुझे खालू बसलेले असतात. घरातली आपली बोली लिहायला मला कुणी शिकवली नाही. चौथीपर्यंतची मराठी आहे, तीच वापरतेय. चुका काढत बसू नकोस, आज चुका काढायची पाळी माझी आहे.

रविवारी काय झालं ते ऐक. दौंडला शाकीरच्या घरी आम्ही गेलो. पाटावर ताटं मांडलेली, सबीनाच्या बोटात अंगठी नुकतीच चढलेली, सगळे हसतायत. शाकीरचा धाकटा भाऊ कॉलेजातला आहे. तो तुझ्या खालूंना म्हणाला, "मामू, तुम्ही बँडवाले ना? मग हे ऐकाच. पुण्याच्या पोरांचं हाय, लई भारी." आणि त्यानं मशीन लावलं. कॅसेटच्या डबीवर तुमच्या पोरांचं 'तिसरा मजला' हे नाव सबीनानं वाचलं आणि मीच मूर्खासारखी ओरडले, "अगं बाई, हा तर आमचा मुजीब! माझ्या बहिणीचा मुलगा, आमच्याच घरात वाढला." शाकीरची आई सुफियाबी कौतुकानं म्हणाल्या, "व्हय? मग मोठ्यानं लाव की रं."

त्यानं मोठ्यानं लावलं. आधी यंत्राचं धप धप धप. मग क्लारनेट.

पहिल्या फुंकरीला मी ओळखलं. बत्तीस वर्षं हा माणूस माझ्या घरात फुंकतोय. आणि धून होती पाठवणीची. मंगनीच्या दिवशी, पोरीला हळदसुद्धा लागली नाही तोवर, होणाऱ्या सासरच्या घरात पाठवणी! आणि ती संपेचना. तिथल्या तिथं फिरतेय. मुलगी निघाली, मुलगी निघाली, मुलगी निघाली. खाली धप धप, आणि घरातली पोरं त्यावर नाचतायत.

तुझे खालू ताटावरून उठले. रुमाल तोंडाशी धरला, रुमालाचं सोड, आणि बाहेर जाऊन उभे राहिले. सुफियाबी घाबरून म्हणाल्या, "काय हो, रस्सा तिखट पडला का?" मी म्हटलं, "हो, त्यांना तिखट सोसत नाही." भर मंगनीत मी खोटं बोलले, तेही चांगल्या झालेल्या रश्श्याबद्दल. निघताना त्यांच्या घरातलं कुणीतरी हळूच बोललेलं मला ऐकू आलं, "पाव्हणं लई नाजूक दिसत्यात." तुझ्यामुळं.

तुला माहीत नाही असं म्हणू नकोस. आपल्या बँडमध्ये पाठवणी अवेळी वाजवत नाहीत. घरात नाही, सरावात नाही, कुणी हौसेनं मागितली तरी नाही. गाडीत मुलगी बसली की मोठा ढोल बंद, कडक म्हणतात तो छोटा ढोलही बंद, आणि उस्तादानं एकट्यानं क्लारनेट उचलायचं. गेल्या वर्षी तू आवाज भरायचं यंत्र घेऊन आलास आणि खालूंच्या मागं लागलास. दोन दिवस ते नाही म्हणाले. मग तिसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेले, दार लोटून घेतलं आणि तुझ्यासाठी एकदा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, वाजवली. मी स्वयंपाकघरात होते. पीठ मळता मळता उठून उभी राहिले, कारण पाठवणी चालू असताना बसायचं नसतं. हात पिठाचे, डोळे पुसता येईनात. त्या एका वेळेचं तू हे केलंस.

आणि कुणी म्हणेल, अडाणी बाई, तिला काय कळतं नव्या पोरांचं. तर तुमचं आजवरचं सगळं मी ऐकलंय. न ऐकता बोलत नाही.

पहिली कॅसेट 'अर्धी गच्ची'. त्यात मेसच्या भाजीवर गाणं, चुकलेल्या एस.टी.वर गाणं, गिटार, ढोलक, तू कॅसिओवर. शब्द न् शब्द कळायचा. एस.टी.चं गाणं खालूंनी आपल्या बँडवर बसवलं, तळेगाव ढमढेऱ्याच्या एका वरातीत वाजवलं. एक म्हातारबा पुढं आले. "उस्ताद, ह्ये कंच्या पिच्चरचं?" खालू म्हणाले, "आमच्या घरच्या." "कवा लागला?" "लागायचाय अजून." घरी येईपर्यंत हसत होते. तुला सांगू नको म्हणाले, पोराच्या डोक्यात हवा जाईल.

मग दुसरी, 'पाण्याखाली'. तिथं तुम्हा पोरांना काय झालं कोण जाणे. सगळे आडात तोंड घालून गायल्यासारखे. एक शब्द म्हणायचा आणि तो घुमत घुमत लांब जायचा. गिटार म्हणे शेवटाकडून सुरुवातीकडं वाजवलेली. सबीना म्हणाली, अम्मी, ह्याला इंग्रजीत नाव आहे, ऐकणाऱ्याला गुंगी यावी म्हणून असं करतात. मी म्हटलं, मला बँडच्या ड्रेसवर जरीची पट्टी शिवायला बसवा, आपोआप गुंगी येते. तरी त्यातलं शेवटचं, ज्यात खाली पाण्याची मोटार चालू असल्यासारखा एकच सूर आहे आणि वर तुझा कॅसिओ हळूहळू चढतो, ते मला आवडलं. परत परत लावलं. हे आज लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

आणि आता ही 'चक्री'. हिच्यात माणूस शिल्लकच नाही. ढोल यंत्राचा, टाळ्या यंत्राच्या, गाणाऱ्या मुलीच्या आवाजाच्या खापऱ्या करून पेरलेल्या. ते तुमचं तुम्ही बघा, तुमच्या वयाची पोरं नाचतात, नाचू देत. पण पाठवणी तुम्ही मध्येच तोडलीत. शेवटची माघारीची ओळ कुठं आहे? मुलगी निघते तिथपर्यंत घेतलीत आणि तिलाच गरगर फिरवत बसलात. माघारीशिवाय पाठवणी वाजवणं म्हणजे पोरीला घालवून दार लावून घेणं. इतकं तुला कळू नये?

अजून एक. डबीतल्या कागदावर इंग्रजीत काय लिहिलंय ते सबीनानं वाचून दाखवलं. शिरूर गावी भरलेला आवाज, वाजवणारा अनोळखी. अनोळखी! तुझी आई गेल्यावर ज्यानं तुला खांद्यावर आणलं तो अनोळखी. सबीना वाचता वाचता थांबली, मी म्हटलं वाच पुढं, ती म्हणाली पुढं काही नाही अम्मी.

खालूंची बाजू मी मांडतेय असं समजू नकोस, ही माझीच आहे.

आता काम सांगते. त्या दिवशी भरलेली टेप मला पाठव. पूर्ण, माघारीसकट, न कापलेली. लग्नाच्या आत. का, ते विचारू नकोस. खालूच वाजवतील की, असंही उलट लिहू नकोस.

तुझी खाला,
गुलशन

•

शिरूर,
२२ मार्च २००४, सोमवार

चि. मुजीब,

खालाचा सलाम. तुझं पत्र मिळालं. चांगलं लांब लिहिलंस, पहिल्यांदाच. वाचायला मला दोन दुपारी लागल्या, आणि दर पानावर मी नव्यानं चिडले.

आधी नावाचं. तू लिहितोस की नाव लावू नको असं खालूंनीच तुला सांगितलं होतं. मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन उभी राहिले. म्हटलं, "खरं हाय का?" त्यांनी मान हलवली. म्हटलं, "का?" तर म्हणे पाठवणी वाजते तेव्हा लोकांनी मुलीकडं बघायचं, वाजवणाऱ्याकडं नाही. म्हणून त्या धुनीवर ते कधी बक्षीसही घेत नाहीत. हे खरं आहे, मी विसरले होते. तरी 'अनोळखी' लिहायला त्यांनी सांगितलं नव्हतं. नाव न लावणं वेगळं, अनोळखी म्हणणं वेगळं. तुझा तो मित्र रुद्र, ज्यानं कागद लिहिला, त्याला हे सांग. आता मी तुम्हा तिघांवर चिडलेली आहे.

मग टेपचं. त्याच टेपवर तुम्ही पुढं तुमचा सराव भरलात. म्हणजे ती गेली. कॉम्प्युटरमध्ये फक्त तुम्ही घेतलेला तुकडा उरला. हे वाचून मी पत्र उलटं ठेवलं आणि भांडी घासायला गेले. एक पातेलं पोचलं.

आणि तिसरं, जे वाचून माझा विश्वासच बसला नाही. तू लिहितोस, "खाला, माघारी म्हणजे काय ते मला खरंच माहीत नव्हतं. टेपवर पुढं जे होतं ते खालू क्लारनेट मोकळं करतायत असं मला वाटलं." मुजीब, बँडच्या घरात वाढलेला मुलगा तू! मी तुझं पत्र घेऊन थेट मारुतरावांकडं गेले. खालूंनंतर कंपनीत तेच जुने, ट्रंपेट वाजवतात. म्हटलं, "बघा तुमच्या पोराचं. शेकड्यांनी लग्नं केली आणि म्हणे माघारी ऐकली न्हाई."

मारुतराव हसायला लागले. मग हसता हसता थांबले. "भाभी, त्यो कसा ऐकंल? पाठवणीला ढोल लागत न्हाई. म्हंजी ढोल सगळ्यात आधी टेम्पोत. आन् ढोलाबरुबर मुजीब. क्लारनेटचं पहिलं वळण वाजस्तवर टेम्पो पुढच्या सुपारीच्या गावाला निघालेला असायचा. माघारीला त्यो कवाच नव्हता."

मी तिथंच ओट्यावर बसले. खरं होतं. सीझनला एका दिवशी दोन-दोन लग्नं, ढोल सांभाळायला घरचंच पोर पाहिजे, बाहेरचं पोर ठेवलं तर ढोलावर बसून कातडं सैल करतं. तुला आम्ही लहानपणापासून टेम्पोत घातलं. तू पाठवणी अर्धी ऐकायचास आणि गाडी सुटायची. मग तुझ्या लेखी ती तेवढीच. मुलगी निघते आणि संपतं.

ह्यात चूक कुणाची ते मी काढणार नाही. ढोल सांभाळायचाच होता.

तर आता मी सांगते माघारी म्हणजे काय, नीट ऐक. गाडी वेशीपर्यंत गेली की उस्ताद गावाकडं तोंड करतो. गाडीला पाठ. आणि मग एक ओळ वाजवतो, चढत नाही, उतरत येते, शेवटी एका सुरावर जरा वेळ टेकते. खालूंच्या आजानं ती म्हस्कू धनगराकडून घेतली. तो घोडनदीच्या काठानं मेंढरं चारायचा आणि दिवस कलला की अशी शीळ घालायचा. ती ऐकली की लांब गेलेलं मेंढरूसुद्धा मान वळवून वाड्याकडं निघायचं. म्हणून ती माघारी. आपल्या बँडनं पाठवलेली मुलगी माहेरी येत-जात राहते असं लोक मानतात, म्हणून इनामगावपासून लोक आपल्याला सुपारी द्यायला येतात. ट्रंपेटवाल्यांना, कडकवाल्यांना ती येत नाही. मारुतरावांनाही नाही. ती उस्तादाकडून एकालाच मिळते.

आणि आता ते लिहिते जे पहिल्या पत्रात लिहिलं नाही.

डिसेंबरात इनामगावचं लग्न करून बँड पहाटे परत आला. खालू टेम्पोत कडेला बसले होते, कानाला काही बांधलेलं नव्हतं. घरी येऊन चहा घेतला तर चहा ओठातून खाली. मी म्हटलं हसताय काय असं वाकडं. ते हसत नव्हते. उजवी बाजू खाली उतरली होती, डोळा मिटेना. वारं लागलं म्हणतात ते. इथल्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, मग पुण्याला नेलं. हो, पुण्याला. दोन वेळा येऊन गेलो आणि तुला कळवलं नाही. ते म्हणाले, पोरगं रेकॉर्डिंगमध्ये आहे, त्याला घाबरवू नको. डॉक्टर म्हणाले हात-पाय शाबूत आहेत, तोंडही हळूहळू येईल. डोळा आला. ओठ आला नाही. क्लारनेट तोंडात धरलं की कडेनं हवा जाते, फुसफुस होतं, सूर निघत नाही. कुणी पाहू नये म्हणून मागच्या अंगणात करून बघतात. लग्नांना ड्रेस घालून जातात, रुमाल तोंडावर, क्लारनेट नुसतं हातात धरून उभे राहतात. लोकांना वाटतं उस्तादाचा दात दुखतोय.

त्या दिवशी दौंडला रुमाल त्याच्यासाठी होता. आणि ताटावरून ते का उठले माहीत आहे? मला वाटलं पाठवणी अवेळी वाजली म्हणून. काल त्यांनी सांगितलं. मोजकंच बोलतात हल्ली. म्हणाले, "मी त्याला ती दिली होती."

समजलं का तुला? तू टेप भरत होतास. ते तुला तालीम देत होते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकाला. आणि तू शेवट टाकून दिलास.

लग्न तेवीस मेला रविवारी आहे. लोकांच्या पोरी ह्या माणसानं आयुष्यभर पाठवल्या. आपल्या पोरीला पाठवायला त्यांच्याकडं ओठ नाही. दुसरा कुणी पाठवणी वाजवील, पण माघारी कुठून आणणार? सबीनाला मी हे बोललेली नाही, पण ती रोज विचारते, "अब्बा वाजवतील ना?" आणि ते मान हलवतात. हो म्हणून हलवतात, मुजीब. मला ते बघवत नाही.

तुला लहानपणी फुंकायला शिकवलं होतं. बोटं तुला आली नाहीत, कॅसिओकडं पळालास, पण फुंकर चांगली होती, खालूच म्हणायचे. ये. तुमचे कार्यक्रम असतील तर मोड. मे उजाडायच्या आत ये आणि मी बोलावलं असं सांगू नकोस.

खाला

•

शिरूर,
११ जून २००४, शुक्रवार

चि. मुजीब,

सलाम. सबीना दौंडला रुळली आहे. सुफियाबींना तिच्या हातचा चहा आवडतो, शाकीरला आवडत नाही पण पितो. तुझ्या खालूंचा ओठ तसाच आहे. मी ठीक आहे, गुडघा सोडला तर.

काल तुझा फोन आला तेव्हा मी खालूंपुढं नीट बोलू शकले नाही, म्हणून "बरं बघू" म्हटलं. बरं बघू वगैरे काही नाही. ऐक.

तू म्हणालास, रुद्रनं लग्नात पाठवणी भरून घेतली, सगळी नीट आली आहे, फक्त माघारीच्या मध्ये तुझा दम तुटला तिथं रिकामी जागा आहे. आणि ती तू कॉम्प्युटरवर कापून दोन्ही टोकं अशी जोडशील की कुणाला कळणार नाही. "खाला, माझी चूक झाकून टाकतो, मग खालूंना ऐकवतो."

हात लावशील तर बघ.

तुला त्या वेळी काय झालं ते माहीत नाही. तू डोळे मिटून फुंकत होतास आणि ते तुझ्या मागं उभे होते. तुझ्या काखेखालून दोन्ही हात पुढं काढलेले, बोटं त्यांची, ओठ तुझा. महिनाभर मागच्या अंगणात तुम्ही दोघं तसे उभे राहायचात तेव्हा मला हसू यायचं, एका झग्यात दोन माणसं घुसल्यासारखं. मारुतराव म्हणाले होते, "भाभी, ह्यो बँड न्हाई, ही तर सर्कस झाली." खालूंनी बोटानं त्यांना गप्प केलं आणि परत पहिल्यापासून. तुला शिकवताना ते चिडलेले मी पाहिले. डिसेंबरपासून चिडलेसुद्धा नव्हते, नुसते बसून असायचे. त्या महिन्यात तुझ्यावर जितके खेकसले तितकं मला बरं वाटायला लागलं. हे सांगायचं राहिलं होतं.

पण त्या दिवशीचं. तुझी पाठ होती त्यांच्याकडं, तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

सबीना जीपमध्ये बसली. मोठा ढोल आधीच टेम्पोत. लोक काय बघायचं ते बघत होते, काहीजण तुम्हा दोघांकडं बघून कुजबुजत होते, "उस्तादाला काय झालं? उस्ताद का फुंकत न्हाई?" रुमाल नव्हता. त्यांनी सकाळीच माझ्या हातात दिला, म्हणाले धुऊन टाक. सगळ्या शिरूरकरांपुढं वाकडं तोंड घेऊन उभे होते.

पाठवणी झाली. जीप हलली, वेशीपर्यंत गेली, तुम्ही दोघं एकदम गावाकडं वळलात आणि माघारी सुरू झाली. मी पहिल्यांदाच ती उभ्यानं, मोकळ्या हातांनी ऐकली. मधल्या उतारावर तुझा दम संपला. आवाज थांबला. मला वाटलं, गेलं सगळं.

पण बोटं थांबली नाहीत. आवाज नसताना ती चालत राहिली. एकापाठोपाठ एक भोकं झाकत, उघडत, जशीच्या तशी, त्याच चालीनं, कुठं घाई नाही. त्यांना कळलं होतं तुझा दम तुटलाय. तुझ्यासाठी थांबले नाहीत. तू श्वास घेऊन परत ओठ लावलास तेव्हा ओळ पुढं गेलेली होती आणि तू बरोबर तिथं येऊन मिळालास. गर्दीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं. कुजबुज बंद झाली. सुफियाबी माझ्या शेजारी होत्या, त्यांनी माझं मनगट धरलं, बांगड्या रुतेपर्यंत. म्हणाल्या, "आपा, त्यांची बोटं बघा." मी बघतच होते.

आणि सबीना. जीपची मागची काच खाली होती. माघारी संपेपर्यंत मुलीनं वळायचं नसतं, तिला माहीत आहे, मीच शिकवलंय. ती आवाज चालू असताना वळली नाही. आवाज थांबला तेव्हा वळली, आणि वेशीच्या वळणावरून तिला कडेनं अब्बांची बोटं दिसली. परवा ती पहिल्यांदा घरी आली तेव्हा तिनं मला एवढंच सांगितलं. मी म्हटलं नियम मोडलास. ती म्हणाली, "मोडला."

तर त्या रिकाम्या जागेला तू रिकामी म्हणतोस. त्या जागेत तुझे खालू वाजवतायत. तुझ्या यंत्राला ऐकू आलं नाही, ते यंत्राचं बघ. बाकीचं सगळं तू फुंकलंस, त्यात तुझाही वाटा आहे. तेवढं मात्र एकट्या त्यांचं आहे, आणि तेच तू कापणार होतास.

चौथी कॅसेट का सीडी जे काय काढाल त्यात ही धून घ्यायची असेल तर घ्या. मी खालूंना विचारलं. ते म्हणाले पूर्ण घ्यायची, पुढचं-मागचं तोडून तुकडा नको. त्याच्या आधी धप धप करा, नंतर विहिरीतले आवाज काढा, माझी ना नाही. नाव लावू नको म्हणाले. मी म्हटलं ठीक, पण 'अनोळखी' हा शब्द दिसला तर मी स्वतः पुण्याला येऊन रुद्रच्या दारात बसेन. ते हसले. हसताना तोंड अजून वाकडं होतं, पण हसले.

ती जागा आहे तशी ठेव. कमी नको, जास्त नको, कुठला आवाज भरू नकोस. ऐकणाऱ्यांना मशीन बिघडलं असं वाटलं तर वाटू दे.

ज्या दिवशी ती तशीच्या तशी ऐकवायला घेऊन येशील त्या दिवशी तुझ्यासाठी जेवण करीन. कापून आणलीस तर बाहेरून खाऊन ये.

तुझी खाला,
गुलशन